कारणाचा रकाना

पाणीजोडणी विभागातल्या त्या गृहस्थांना सगळं ऑफिस 'त्रुटीसाहेब' म्हणायचं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. नवीन नळासाठी आलेला अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाला, असं त्यांच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत एकदाच घडलं होतं. त्या दिवशी त्यांना ताप होता. एरवी अर्ज समोर आला की साहेब कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे, हिरव्या पेनाचं टोपण काढायचे आणि समासात लिहायचे, 'त्रुटी : कारण अपुरे. तपशील द्यावा.'

"अहो, नळ पाण्यासाठी हवाय. आणखी काय तपशील असणार?" खिडकीच्या काचेवर टकटक करून लोक विचारायचे.

"ते तुम्ही लिहा. मी कसं सांगू?" साहेब म्हणायचे.

गंमत अशी, की लोक शिव्या घालत घरी जायचे आणि लिहून आणायचे. एका बाईंनी लिहिलं होतं, शेजारीण रोज दोन बादल्या पाणी देते, पण देताना असा सुस्कारा टाकते की बादली जड होते. एका निवृत्त मास्तरांनी तर पहाटेच्या रांगेचं वर्णन चार पानं केलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि मगच मंजूर केलं. माणसं त्यांच्याशी एवढं भरभरून बोलायची ती फक्त कागदावर. मधल्या सुट्टीत बाकीचे टेबलं जोडून जेवायला बसले, की साहेब आपला डबा उचलून रेकॉर्डरूममध्ये जायचे. तिथे शांतता असते, असं ते सांगायचे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षी दोनदा बोलावलं होतं.

घरी साहेब आणि त्यांची तेरा वर्षांची लेक, एवढीच माणसं. बायको पूल बांधणारी इंजिनीअर. वर्षभरापूर्वी तिला सहा तासांवरच्या एका नदीवर काम मिळालं, आणि ती दोन बॅगा घेऊन तिकडे राहायला गेली. दर महिन्याला एकदा यायची, दर रविवारी फोन करायची. जाताना तिने लेकीच्या हातात फोन दिला, आणि दोघांच्या फोनमध्ये मुलांच्या वापरावर लक्ष ठेवणारं एक अ‍ॅप टाकलं.

"संध्याकाळी एक तास. मग आपोआप बंद. वाढवून हवा असेल तर ती मागेल, तू ठरव," ती म्हणाली. "आणि फक्त ठरवत बसू नकोस. बोल तिच्याशी."

"बोलतो की."

"काय बोलतोस?"

साहेबांना पटकन आठवलं नाही. सकाळी चहाच्या वेळी ते विचारायचे, "काय म्हणतेय शाळा?" लेक म्हणायची, "आहे." मग दोघं आपापल्या कपात बघायचे. याला बोलणं म्हणायचं की नाही, याबद्दल स्पष्ट आदेश नव्हता.

अ‍ॅपची रचना मात्र साहेबांना पहिल्याच दिवशी पसंत पडली. संध्याकाळी पाचला फोन सुरू, सहाला कुलूप. कुलूप पडलं की लेकीच्या पडद्यावर 'आणखी पंधरा मिनिटे' अशी पाटी यायची, आणि खाली एक रकाना, 'कारण'. ती विनंती साहेबांच्या फोनवर टुण्ण करून पोचायची. खाली दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर. त्याखाली एक छोटी चौकट, 'पालकांचा शेरा'. ज्याने कोणी हे बनवलं त्याने नक्की पाणीजोडणी विभागात काही वर्षं काढली असणार, असं साहेबांना वाटलं.

पहिला अर्ज आला तेव्हा साहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीवर होते आणि लेक भिंतीपलीकडे, आपल्या खोलीत, दार लावून. कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते, 'वेळ हवा.'

साहेबांनी चष्मा नाकावर घेतला. नामंजूर. शेरा : कारण अपुरे.

दोन मिनिटांनी, 'अभ्यास.'

नामंजूर. शेरा : कोणता? तपशील द्यावा.

भिंतीपलीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. साहेबांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. अखेर टुण्ण झालं.

'विज्ञानाचा. भोपूला पान नंबर विचारायचा आहे.'

शेरा : भोपू कोण?

या वेळी अकरा मिनिटं गेली.

'भोपू माझ्या बाकावर बसते. तिचं खरं नाव वेगळं आहे पण ते कोणी वापरत नाही. ती हसली की शेजारच्या वर्गातल्या बाई काय झालं ते बघायला येतात. आज त्या दोनदा आल्या.'

साहेब रिकाम्या खोलीत मोठ्याने हसले. स्वतःचा आवाज ऐकून जरा दचकलेही. मग त्यांनी मंजूरचं बटण दाबलं, आणि उठून स्वतःसाठी चहा ठेवला, जो ते एरवी संध्याकाळी घेत नसत.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. सहाला कुलूप पडायचं आणि साहेब खुर्चीत सावरून बसायचे. पहिला अर्ज मंजूर करायचा नाही, हा नियमच होता. कारण साधं होतं. मंजूर केला की अर्जदार निघून जातो. परत पाठवला की आणखी लिहून आणतो. बायकोने एकदा सुचवलं, "दीड तास कर की वेळ. मोठी झाली ती." साहेब म्हणाले, "शिस्तीचा प्रश्न आहे." शिस्तीचा नव्हता. दीड तास केला असता तर अर्ज आलाच नसता.

त्या अर्जांतून साहेबांना लेकीची शाळा दिसू लागली. भोपूच्या मागच्या बाकावर चिमटा बसायची. बोलताना समोरच्याच्या दंडाला चिमटा काढल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे. भोपू आणि चिमटा यांचं कंपासपेटीवरून भांडण झालं, ते नऊ दिवस चाललं, आणि दोघींच्या चिठ्ठ्या लेकीलाच इकडून तिकडे पोचवाव्या लागल्या. 'मी म्हणजे आता पोस्ट ऑफिस झाले आहे, तेही रविवारी सुट्टी नसलेलं,' असं एका अर्जात होतं. समेट झाला त्या संध्याकाळी साहेबांनी पंधराऐवजी तीस मिनिटं दिली.

समोरासमोर मात्र दोघं पूर्वीसारखेच. सकाळी साहेब विचारायचे, "भोपू काय म्हणते?" लेक कपात बघत म्हणायची, "बरी आहे." सगळं कागदोपत्री होतं. साहेबांना त्यात वावगं वाटलं नाही. त्यांची सगळीच माणसं कागदोपत्री होती.

रविवारी बायकोचा फोन आला की साहेब स्पीकर लावून आठवड्याचे निवडक अर्ज वाचून दाखवायचे. तिकडे बायको खो खो हसायची. "अरे, ही तर कमाल लिहिते! घरात तर तोंड उघडत नाही." भिंतीपलीकडे तेव्हा अगदी शांत असायचं. आणि आई ज्या रविवारी जास्त हसायची, त्या आठवड्यात भोपू आणखी मोठ्याने हसायची. हा योगायोग साहेबांच्या नजरेतून सुटला. त्यांची नजर समासावर असायची.

गेल्या रविवारी बायको हसून झाल्यावर म्हणाली, "ऐक ना. इथे दुसऱ्या टप्प्याचं काम निघालंय. आणखी एक वर्ष थांबणार का विचारतायत. सोमवारी सांगायचंय, पुढच्या."

साहेबांनी टेबलावरचा फोन जरा जवळ ओढला.

"ती एकटी पडत असेल तर मी सरळ नाही म्हणते. पूल काय, दुसरं कोणी बांधेल. पण तिचं छान चाललं असेल, मैत्रिणी असतील, तर..."

"दोन आहेत," साहेब म्हणाले. "चांगल्या आहेत."

"शनिवारी शाळेत पालकसभा आहे ना? बाईंशी बोल एकदा. मग ठरवू."

शनिवारी दुपारी तीन वाजता साहेब लेकीच्या वर्गात, मुलांच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. फळ्यावर लिहिलं होतं, 'मुले आणि मोबाइल : पालकांची भूमिका'. वर्गशिक्षिका बोलत होत्या आणि निम्मे पालक बाकाखाली धरलेल्या फोनमध्ये आपली भूमिका बजावत होते.

"मी तर फोन काढून कपाटात कुलूपबंद करतो," गाड्या चालवायला शिकवणारे एक गृहस्थ दणदणीत आवाजात म्हणाले. "मग कार्टी त्या कपाटापाशी जाऊन बसते. जेवायलासुद्धा उठत नाही."

हेच भोपूचे वडील, असं साहेबांनी आवाजावरून ताडलं होतं आणि मघापासून ते त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसत होते. गृहस्थ जरा अस्वस्थ दिसत होते.

"आमच्याकडे दर आठवड्याला नवीन पासवर्ड," एक दंतवैद्य बाई म्हणाल्या. "मला लक्षात राहत नाही. मी त्यालाच विचारते."

हशा पिकला. आणि साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सभेत हात वर केला.

"मी कारण मागतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"लेखी. वाढीव वेळ हवा तर कारण द्यायचं. अपुरं असलं तर परत. रोज तीनदा तरी परत पाठवतो."

"आणि ती देते?" दंतवैद्य बाईंनी विचारलं.

"सविस्तर."

साहेबांनी फोन काढला आणि कंपासपेटीच्या भांडणाचा सातवा दिवस वाचून दाखवला. वर्ग हसला. दंतवैद्य बाईंनी अर्जाचा नमुना मिळेल का विचारलं. कोणीतरी "वा साहेब, याला म्हणतात संवाद," असंही म्हणालं. ते ऐकून साहेबांचे कान लाल झाले. वर्गशिक्षिकाही हसत होत्या. फक्त त्या बाकीच्यांच्या जरा आधी थांबल्या.

सभा संपल्यावर साहेब त्यांच्या टेबलाशी गेले आणि खिशातून घशाच्या गोळ्यांची पट्टी काढून पुढे केली.

"ही तेवढी भोपूला द्याल का? तिचा आवाज बसलाय ना गुरुवारपासून. औषधवाला म्हणाला, या चांगल्या आहेत."

"कोणाला?"

"भोपू. म्हणजे ते घरगुती नाव. माझ्या मुलीच्या बाकावर बसते ती."

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "बसा जरा," त्या म्हणाल्या.

साहेब परत बाकावर बसले.

"वर्गात सदतीस मुलं आहेत. एका बाकावर दोन. एक जण उरतंच. पहिल्या दिवशी मी विचारलं, एकटं बसायला कोणाची हरकत नाही? तुमच्या मुलीने हात वर केला. तेव्हापासून ती तिथेच बसते. शेवटचा बाक, खिडकीकडचा."

"आणि मागे चिमटा," साहेब म्हणाले.

"मागे भिंत आहे."

साहेबांनी मान वळवून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीवर मानवी पचनसंस्थेचा तक्ता होता.

"त्रास नाही तिचा काही. कोणाशी भांडण नाही. बोलतच नाही, तर भांडणार कशी? मधल्या सुट्टीत डबा घेऊन गच्चीच्या जिन्यावर जाते. मी एकदा विचारलं, इथे का गं बसतेस? तर म्हणाली, इथे वारा येतो." बाईंनी वह्यांच्या गठ्ठ्यातून एक वही ओढून उघडली. "निबंध बघा. दोन ओळी. 'माझी मैत्रीण' या विषयावर दोन ओळी. मी दर वेळी लाल पेनाने लिहिते, विस्तार करा. ती करत नाही. म्हणून तर मघाशी तुम्ही ते वाचलंत आणि मला कळेचना, की हे हिनेच लिहिलंय."

साहेबांनी वही पाहिली. अक्षर लेकीचंच होतं. 'माझी मैत्रीण खूप हसते. तिच्याबद्दल अजून सांगण्यासारखे नाही.'

"तुम्हाला लिहून देते ती," बाई म्हणाल्या. "हे चांगलंच आहे तसं."

"हो," साहेब म्हणाले. घशाच्या गोळ्या त्यांनी परत खिशात ठेवल्या.

घरी यायला पावणेसहा झाले. बायकोचा मेसेज आलेला होता, 'बाई काय म्हणाल्या?' साहेब पायातले बूट न काढता खुर्चीत बसले. भिंतीपलीकडे नेहमीची शांतता होती. वर्षभर ही शांतता ऐकून ते समजत होते, की पलीकडे तीन मुली गप्पा मारतायत.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी अ‍ॅप उघडलं. दर आठवड्याला त्यात वापराचा अहवाल यायचा. साहेब त्यातला वरचा एकूण आकडा तेवढा बघायचे, बायकोला सांगायचे, आणि पुढच्या आठवड्याची वाट बघायचे. त्याखाली 'तपशील' लिहिलेला एक बाण होता. सगळ्या जगाकडून तपशील मागणाऱ्या माणसाने तो बाण एकदाही दाबला नव्हता.

आता दाबला. व्हिडिओ, बारा मिनिटं. घड्याळ, एक मिनिट. नोट्स, एक तास सहा मिनिटं. रोजची सरासरी.

नोट्सचं अ‍ॅप अभ्यासाचं म्हणून कुलपातून सोडलेलं होतं. ते सहानंतरही चालायचं. साहेबांनी दुसरा आठवडा पाहिला, तिसरा पाहिला. वाढवून दिलेल्या पंधरा मिनिटांत व्हिडिओ दोन मिनिटं, कधी शून्य. भोपू आणि चिमटा रोज तासभर त्या नोट्समध्ये बसत होत्या. लेक त्यांना मनाने रचून लिहीत होती, खोडत होती, उद्याचं भांडण आज तयार ठेवत होती. आणि भिंतीच्या अलीकडे बाप वेळेचं रेशन सांभाळत बसला होता, मुलगी फोनच्या आहारी जाऊ नये म्हणून.

पातळ भिंत. स्पीकरवरचं आईचं हसणं. 'दोन आहेत, चांगल्या आहेत.' हेही तिने ऐकलं असणार.

सहा वाजले. टुण्ण झालं. आज जरा लवकरच.

'भोपूचा आवाज परत आला आहे पण अर्धाच. चिमटा म्हणते उरलेला अर्धा शाळेनेच जप्त करून ठेवला असेल. आम्हा तिघींना त्यावर बोलायचं आहे. बाबा, बाई काय म्हणाल्या?'

साहेबांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. वर्षभरात इतके अर्ज आले, पण अर्जदाराने उलट प्रश्न विचारला नव्हता.

त्यांचं बोट दोन बटणांच्या मध्ये राहिलं. नामंजूर करावं तर काय शेरा लिहायचा? 'पुरावा जोडावा'? आणि कौतुक करून मंजूर करावं, तर उद्या भोपूचा उरलेला आवाज परत येणार, परवा तिला पडसं होणार, आणि ही दोन माणसं भिंतीच्या दोन बाजूंना अशीच म्हातारी होणार.

त्यांनी मंजूर दाबलं. शेरा काहीच लिहिला नाही. मग ऑफिसच्या बॅगेतून कोरा कागद आणि हिरवं पेन काढलं, आणि सवयीने वर मध्यभागी लिहिलं, 'अर्ज'. खाली 'विषय : पंधरा मिनिटे बाहेर येऊन बसण्याबाबत.' खाली 'कारण'.

इथे साहेब अडले. एकोणीस वर्षं ते हा रकाना दुसऱ्याकडून भरून घेत होते. स्वतः भरायची वेळ आली तेव्हा कळलं, की तो फार मोठा असतो. आधी त्यांनी लिहिलं, 'तुझ्याशी महत्त्वाचे बोलायचे आहे.' ते खोडलं. तसं लिहिलं तर कोणीही बाहेर येत नाही. मग लिहिलं, 'सहज.' तेही खोडलं. शेवटी भराभर लिहिलं, वाचून बघितलं तर धीर जाईल म्हणून वाचलं नाही, आणि कागद दाराखालच्या फटीतून आत सरकवला.

'मीही डबा एकटाच खातो. रेकॉर्डरूममध्ये. तिथे वारासुद्धा येत नाही.'

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साहेब दाराशी तसेच उभे राहिले. पाय दुखायला लागले तसे खाली बसले, भिंतीला पाठ टेकून. खिशातली एक गोळी फोडून तोंडात टाकली. औषधवाला खोटं बोलला होता. गोळी नुसतीच गोड होती.

फोन उजळला. परत बायको. 'अरे सांग ना. मी सोमवारी काय सांगू?' साहेबांनी टाइप केलं, 'आजवरचे अहवाल चुकले होते. माझी चूक. उद्या सगळं सांगतो, सोमवारपर्यंत कोणाला काही सांगू नकोस.' पाठवलं आणि फोन जमिनीवर पालथा ठेवला.

पंधरा मिनिटं संपली असतील. कुलूप पुन्हा पडलं असेल. टुण्ण झालं नाही.

फटीतून कागद बाहेर आला. आधी एक कोपरा, मग अडकला, मग उरलेला. समासात पेन्सिलीने, अगदी त्यांच्याच वळणाने, लिहिलं होतं,

'त्रुटी : कारण अपुरे. एकटा का? तपशील द्यावा.'

साहेबांनी ते बराच वेळ वाचलं. हसू आलं, पण ते अर्ध्यावर कुठेतरी थांबलं. मग कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, कागद मांडीवर पालथा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला लागले. पहिल्या वर्षी दोनदा बोलावलं होतं, इथून सुरुवात केली. पहिल्यांदा काम होतं म्हणून गेलो नाही. दुसऱ्यांदा काम नव्हतं, तरी आहे म्हणालो. तिसऱ्यांदा कोणी बोलावलं नाही. मग... इथे पेन थांबलं. पुढचं काय ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. कोणी कधी विचारलंच नव्हतं.

फटीतून उजेडाची पट्टी येत होती. त्या पट्टीत दोन पावलांच्या सावल्या होत्या, दाराला अगदी चिकटून. एक पाऊल दुसऱ्यावर चढलं, उतरलं.

आतून दारावर टकटक झाली. एकदाच, हलकी. ऑफिसात अर्जदार काचेवर करतात तशी.

"थांब," साहेब म्हणाले. "लिहितोय."